मानपत्रात नेमकं काय लिहायचं? एका स्मृतिपुरस्काराचं प्रकरण

दादरमधल्या एका छोट्या संस्थेचा मी कार्यवाह. संस्थेचं नाव घेत नाही. पुढे जे घोळ सांगणार आहे ते बहुतेक माझेच आहेत, त्यात बाकीच्यांना कशाला ओढा. दरवर्षी 4 फेब्रुवारीच्या, म्हणजे जागतिक कर्करोग दिनाच्या, जवळच्या रविवारी आमचं एक स्मृतिव्याख्यान असतं. जो व्याख्यान देईल त्यालाच त्या वर्षीचा पुरस्कार: शाल, श्रीफळ, मानपत्र आणि 25 हजार रुपये. गिरगावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी पत्नीच्या मागे 6 लाखांची ठेव आमच्या हवाली केली, तिच्या व्याजावर हा सोहळा चालतो. व्याज 40 हजारांच्या आसपास. त्यातले 25 गेले की उरलेल्यात हॉल, माइकवाला, बटाटेवडे आणि निमंत्रणपत्रिका. शाल माझी बायको आणते, माझ्या निवडीवर तिचा विश्वास नाही.

गुरुजी आता नाहीत. ठेवीसोबत त्यांनी दिलेलं एकपानी पत्र फाइलमध्ये आहे. त्यात अट एकच: पुरस्कार ‘कर्करोगाच्या क्षेत्रात उल्लेखनीय काम करणाऱ्या व्यक्तीला’ द्यावा. हे प्रकरण दोन वर्षांपूर्वीचं, अकराव्या पुरस्काराचं. त्या वर्षी या वाक्यातल्या दोन शब्दांनी आम्हाला चांगलंच छळलं. एक ‘उल्लेखनीय’ आणि दुसरा ‘व्यक्ती’.

आधीचे 10 मानकरी म्हणजे 7 सर्जन, 2 किमोथेरपीचे डॉक्टर आणि 1 रेडिएशनचे. सगळे नामांकित. यातल्या कुणाला द्यायला नको होता असं मला आजही वाटत नाही. बैठकीत कोषाध्यक्षांनी ही यादी मोठ्याने वाचली, तेव्हा गुरुजींची मुलगी (ती समितीत असते, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो) सहज म्हणाली, “सगळे परळच्या एकाच रस्त्यावरचे आहेत की.”

तो रस्ता म्हणजे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. टाटा रुग्णालय तिथे 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतर सर दोराबजी टाटांच्या ट्रस्टमधून ते उभं राहिलं. बोर्जेस तिथले सर्जन, पद्मश्री मिळालेले. टॅक्सीवाल्याला रस्त्याचं नाव सांगून बघा. तो मागे वळून विचारेल, “म्हणजे टाटा का?” मुंबईत कर्करोग आणि परळ हे शब्द इतके जोडीने येतात की आमची यादी तशी झाली यात नवल नव्हतं. पण ताईंचा प्रश्न वेगळा होता. यादी तशी झाली, की आम्ही तशी केली?

उत्तर माझ्या कपाटात होतं. नामांकनाचा फॉर्म 10 वर्षांपूर्वी मीच केला होता, एका मोठ्या वैद्यकीय संघटनेचा नमुना समोर ठेवून. रकाने असे: शिक्षण, पद, प्रसिद्ध शोधनिबंध, परिषदांतली भाषणं, यापूर्वी मिळालेले पुरस्कार. शेवटी ‘कार्याची थोडक्यात माहिती’, त्यासाठी चार ओळी. आता बघितलं की हसू येतं. ज्याला आधी पुरस्कार मिळालेत त्याचा रकाना भरतो, ज्याचा रकाना भरतो त्याला आमचाही मिळतो, आणि पुढच्या संस्थेच्या फॉर्मवर आमचं नाव चढतं. समिती बसायच्या आधीच निम्मी निवड कागदाने करून टाकलेली असायची. आम्ही मात्र दोन-दोन तास गंभीरपणे चर्चा करायचो.

त्या वर्षी सहा नामांकनं आली. त्यातल्या तिघांवर बैठक अडली.

पहिलं एका ज्येष्ठ सर्जनचं. अकरा पानी माहितीपत्र, त्यातली दोन पानं नुसती पुरस्कारांची. अध्यक्षांना हेच नाव हवं होतं आणि त्यांचं कारण व्यवहारी होतं: “अहो, यांचं नाव पत्रिकेवर असलं की हॉल भरतो. व्याख्यान आहे हे. ऐकायला माणसं नकोत?”

दुसरं एका डॉक्टरांचं, ज्यांची बरीच वर्षं वस्त्यांमधल्या तपासणी शिबिरांत गेली.

तिसरं नामांकन म्हणावं का, इथूनच प्रश्न होता. फॉर्म कोरा, त्याला टाचणीने जोडलेली रेघी वहीची दोन पानं. लिहिणारे लातूरकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पत्नीच्या मोठ्या आतड्याच्या टोकाशी कर्करोग होता. मुंबईत ऑपरेशन झालं आणि शौच साठवायला पोटावर कायमची पिशवी आली. त्या काळात दोघं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. पत्रात सर्जनचं नाव एकदा, आदराने. बाकी सगळं एका सिस्टरबद्दल. त्यातल्या काही ओळी मला पाठ झाल्यात: “मंडळी पंधरा दिवस पिशवीकडे बघेना. जेवण सोडलं. सिस्टरने आधी मला शिकवलं, मग माझ्याकडून तिला. आता ती लग्नाला जाते, पंगतीत बसते.”

ताई म्हणाल्या, “हे उल्लेखनीय नाही का?”

तेव्हा समितीतल्या डॉक्टरबाई बोलल्या. त्या निवृत्त पॅथॉलॉजिस्ट (गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणाऱ्या डॉक्टर), वय 78, आणि आमच्यात एकट्याच अशा की ज्यांना विषय खरोखर कळतो. म्हणाल्या, “उल्लेखनीय म्हणजे उल्लेख करण्याजोगं. पण उल्लेख करणारा कुणीतरी लागतो ना? या सिस्टरला हे कंडक्टर भेटले. ज्यांना कुणीच भेटत नाही त्यांचं काय?” मग त्यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं उदाहरण दिलं. खानोलकर पॅथॉलॉजिस्ट. देशातल्या कर्करोग संशोधनाची घडी ज्यांनी बसवली त्यांच्यात अग्रभागी, पद्मभूषण, त्यांच्या नावाने आज व्याख्यानं होतात. पण कुठला रुग्ण त्यांना पत्र लिहिणार? काचपट्टीवर आपल्या गाठीचा तुकडा कुणी बघितला हे रुग्णाला कधीच कळत नाही. दुसरं नाव डॉ. कमल रणदिवे यांचं. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत कर्करोगाच्या पेशींवर काम केलेल्या, 1982 च्या पद्मभूषण. “आणि माझ्या नातीला त्या कशामुळे कळल्या? 8 नोव्हेंबर 2021 ला गूगलने डूडल केलं म्हणून.”

मला वाटलं होतं, बाई सिस्टरच्या बाजूने बोलतायत. नंतर कळलं, त्या कुणाच्याच बाजूने नव्हत्या. रुग्णाला जे दिसतं तेवढंच काम मोजायचं, हा त्यांना शोधनिबंध मोजण्याइतकाच आंधळेपणा वाटत होता.

दुसऱ्या नामांकनावर बोलताना विषय साहजिकच व्हिनेगरच्या अभ्यासाकडे गेला. आमच्या पिढीच्या मुंबईकरांना तो थोडाफार आठवतो. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर तो केला आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत मुख्य सत्रात मांडला. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य अॅसिटिक अॅसिड (व्हिनेगरमध्ये असतं तेच) लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. एवढ्यावर त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. आता मुद्दा असा की हे बघणाऱ्या कोण होत्या? दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका. दारोदार जाऊन बायकांना तपासणीला तयार करायचं, सासू-नवऱ्याशी बोलायचं, दर दोन वर्षांनी पुन्हा तेच. बातमीत एक नाव येतं आणि ते चूक नाही, अभ्यासाची जबाबदारी त्याच माणसाच्या डोक्यावर असते. पण गुरुजींचा ‘व्यक्ती’ हा शब्द इथे अपुरा पडत होता.

डॉक्टरबाईंनी इथेही टाचणी लावलीच. “त्या अभ्यासात तुलनेसाठी जो गट होता, त्यातल्या बायकांना माहिती दिली, तपासणी नाही. त्यावर नंतर नैतिकतेचा मोठा वाद झाला. कुठल्या मानपत्रात हे वाचलंय तुम्ही?” कोषाध्यक्ष म्हणाले, “मानपत्रात असलं कोण लिहितं, बाई?” “तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. फक्त एक ठरलं: फॉर्म बाजूला ठेवायचा आणि तिन्ही ठिकाणी जाऊन बघायचं. मॅगसेसे पुरस्कारवाले उमेदवाराला कळू न देता त्याच्या कामाची चौकशी करतात, असं ताईंनी कुठेसं वाचलं होतं. सिलचरच्या कछार कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉ. रवी कन्नन यांना 2023 मध्ये तो मिळाला. तिथे रुग्ण मध्येच उपचार सोडून जातात, कारण बरोबरच्या माणसाची रोजी बुडते. म्हणून त्या माणसालाच तिथे तात्पुरतं काम देतात. असली गोष्ट माहितीपत्राच्या कुठल्या रकान्यात बसवणार? आम्ही गुपचूप वगैरे काही केलं नाही. आमची ऐपत दादर ते परळ बसच्या तिकिटाची. रीतसर विचारून गेलो.

सर्जनच्या ओपीडीत मी आणि कोषाध्यक्ष तासभर बसलो. गर्दी, त्यांची घाई, आणि घाईतही एका म्हाताऱ्याचा हात धरून पूर्ण वाक्य ऐकून घेणं, सगळं बघितलं. दुसऱ्या डॉक्टरांचं शिबिर त्या आठवड्यात नव्हतं, फोनवर बोलणं झालं.

सिस्टरकडे ताई आणि मी दोन सकाळी गेलो. वॉर्डाच्या टोकाला एक खोली, बेसिन, लोखंडी पलंग, भिंतीवर आरसा. पहिल्या सकाळी चाळिशीतला एक रिक्षावाला होता. सिस्टरने त्याला विचारून, त्याची हरकत नाही हे ऐकून मग आम्हाला आत घेतलं. आतड्याचं ओलं लाल तोंड पोटावर रुपयाच्या नाण्याएवढं दिसतं, त्याला स्टोमा म्हणतात. बघायची सवय नसेल तर नजर आपोआप वळते. माझी वळली. सिस्टरने ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. भोकं पाडलेलं मापाचं कार्ड त्या एकेक करून स्टोमावर धरत गेल्या. ज्या भोकातून तो मोकळा दिसला त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठा गोल पिशवीच्या चकतीवर आखला आणि वाकड्या कात्रीने कापला. कापलेल्या कडेवरून बोट फिरवून खरखर घालवली. आजूबाजूची कातडी साध्या पाण्याने पुसली. “डेटॉल नाही, साबण नाही, खोबरेल तर मुळीच नाही. तेलाच्या हातावर काही चिकटतं का?” मग कातडी दाबून कोरडी केली. चकती दोन तळव्यांत धरून ऊब दिली, म्हणजे गोंद मऊ होतो. खालच्या बाजूने वर चिकटवत गेल्या आणि रिक्षावाल्याचाच हात त्यावर दाबून ठेवायला लावला. “मिनिटभर. मनात हनुमान चालीसा सुरू करा, माझं बघून होईल.” पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, जड झाली की निसटते, हे त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. नंतर सगळं उतरवलं आणि म्हणाल्या, “आता तुम्ही.”

त्याला चाळीस मिनिटं लागली. पोट सुटलेलं असल्यामुळे स्वतःचा स्टोमा वरून दिसेना, भिंतीवरचा आरसा उंच. शेवटी त्या हातात छोटा आरसा धरून पलंगाशी वाकून उभ्या राहिल्या.

परत येताना ताई बसमध्ये बराच वेळ गप्प होत्या. परळ नाका गेल्यावर म्हणाल्या, “आईला असं कुणी शिकवणारं नव्हतं.” त्यांच्या आईचा आजार वेगळा होता, स्तनाचा. पण मला समजलं.

आम्ही खात्री करायची म्हणून रुग्णांचे फोन नंबर मागितले होते. सिस्टरनी साफ नकार दिला आणि ते योग्यच होतं. रुग्णाचा नंबर पुरस्कारासाठी वाटायचा नसतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या म्हणाल्या, मी विचारते, ज्यांना वाटेल ते तुम्हाला करतील. सात जणांनी फोन केला. एक बाई म्हणाल्या, “फार ओरडते, पण रात्री फोन उचलते.”

पुढच्या बैठकीत एक बाजू मांडायला मला अनपेक्षित ठिकाणाहून मदत झाली. कर्करोगाच्या जगात ज्या व्याख्यानाचा मान फार मोठा समजतात, त्यांतलं एक डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की यांच्या नावाचं, अमेरिकेत 1970 पासून चालू असलेलं. हे कार्नोफ्स्की डॉक्टरांना रोज आठवतात ते मात्र एका साध्या मापामुळे. रुग्णाला शून्य ते शंभर गुण द्यायचे. त्यात गाठीचा आकार विचारत नाहीत. माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो का, हे विचारतात. स्वतःचं करतो पण कामधंदा जमत नाही, तर 70. पुष्कळ मदत लागते, तर 50. मी म्हटलं, बाई, ही सिस्टर माणसाला पन्नासावरून सत्तरवर नेते. डॉक्टरबाई हसल्या. “माप इतकं सरळ नसतं,” म्हणाल्या, “पण युक्तिवाद वाईट नाही.”

मत द्यायची वेळ आली तेव्हा ताई, कोषाध्यक्ष आणि मी सिस्टरच्या बाजूने, अध्यक्ष सर्जनच्या. डॉक्टरबाई तटस्थ. त्यांनी अट घातली: मानपत्र आधी दाखवा. ज्यातलं प्रत्येक वाक्य मला तपासता येईल असं मानपत्र लिहून आणलंत तर माझं मत तुम्हाला.

इथे माझा कबुलीजबाब. सहा वर्षं मी एकच मानपत्र नाव बदलून देत होतो. ‘कर्करोगग्रस्तांच्या अंधारलेल्या आयुष्यात आशेची ज्योत’, ‘असंख्य रुग्णांना जीवदान’, ‘देवदूत’, ‘निष्काम कर्मयोगी’. चौकट सोनेरी, अक्षर वळणदार, कुणी तक्रार केली नाही. मसुदा घेऊन हिंदू कॉलनीत बाईंच्या घरी गेलो. त्यांनी लाल पेन काढलं. “असंख्य म्हणजे किती? संख्या ठाऊक नाही म्हणूनच असंख्य ना?” गेलं. “ज्योत” गेली. “देवदूत” गेला. “निष्काम कशावरून? पगार घेतात ना? घ्यायलाच हवा.” तेही गेलं. वीस मिनिटांत कागदावर सिस्टरचं नाव आणि तारीख एवढंच उरलं. चहा घेऊन आम्ही पुन्हा सुरुवात केली. शेवटी जे झालं ते असं:

‘पोटावर पिशवी आलेल्या रुग्णांना ती स्वतः लावायला आपण शिकवता. रुग्ण स्वतः करून दाखवेपर्यंत त्याला घरी सोडू नये, असा आपला आग्रह असतो. घरी गेलेल्यांची वही आपण ठेवता आणि ठरलेल्या दिवशी त्यांना फोन करता. या कामाबद्दल ही संस्था आपला गौरव करते.’

अध्यक्ष म्हणाले, “हे मानपत्र आहे की हजेरीपत्रक?” पण बाईंनी सही केली.

आता घोळ. निवड झाल्याच्या आनंदात मी पत्रिका छापायला टाकल्या. ‘सत्कारमूर्ती’ म्हणून सिस्टरचं नाव, ठळक. दोन दिवसांनी त्यांचाच फोन. आवाज घाबरा. “सर, आमच्याकडे आधी परवानगी लागते. तुम्ही अर्ज केलाय ना?” मी कसला अर्ज केलाय! आधीच्या मानकऱ्यांचं हे सगळं त्यांच्या कार्यालयांनी परस्पर सांभाळलं असावं, मला कधी कळलंच नव्हतं. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत चौदावा नियम आहे: आधी मंजुरी घेतल्याशिवाय सरकारी नोकराने मानपत्र स्वीकारायचं नाही आणि स्वतःच्या सत्काराच्या सभेला जायचं नाही. इतर सरकारी नोकऱ्यांतही आधी विचारावं लागतंच. रोख रकमेचं तर आणखी अवघड. म्हणजे आम्ही ज्या बाईंचा गौरव करायला निघालो, त्यांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडायची व्यवस्था मी सोनेरी अक्षरात छापून ठेवली होती.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांनी एक बारकावा सांगितला जो मला ठाऊक नव्हता. पद्म पुरस्कारांसाठी सेवेतले सरकारी नोकर चालत नाहीत. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तेवढे अपवाद. परिचारिका त्या अपवादात नाही. परिचारिकांसाठी 1973 पासून वेगळा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, हे खरं. पण एकाच वॉर्डात शेजारी उभ्या असलेल्या दोघांसाठी दोन दारं, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता.

अर्ज केला, पण तारीख तोंडावर. पत्रिका रद्दीत गेल्या आणि साडेतीन हजारांचा भुर्दंड मी भरला (बायकोला हे आत्ता कळेल). याच आठवड्यात आणखी एक फोन आला. पिशव्या विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला कुठूनतरी बातमी लागली होती. हॉल, जेवण, बॅनर, सगळं आमच्याकडून, म्हणाला. कोषाध्यक्षांच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली, खोटं कशाला बोलू. पण जी सिस्टर रुग्णाला कुठली पिशवी घ्यायची ते सांगते, तिच्या डोक्यावर पिशवीवाल्याचं बॅनर? डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घ्यायला 2009 च्या दुरुस्तीने बंदी आली ती याच कारणासाठी. आम्ही नाही म्हटलं. बटाटेवड्यांऐवजी बिस्किटं ठेवली.

कार्यक्रम झाला, सत्काराशिवाय. हार नाही, शाल नाही, पाकीट नाही. वरिष्ठांना विचारून सिस्टर फक्त माहिती द्यायला आल्या. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असल्याने हॉल निम्मा रिकामा, आणि अध्यक्षांनी माझ्याकडे एकदा बघितलं. सिस्टर म्हणाल्या, “मला भाषण येत नाही, करून दाखवते.” पिशवीतून त्यांनी एक एप्रन काढला, त्याच्या पोटावर लाल कापडाचा गोल शिवलेला. माइकवाल्या पोराला तो घातला. पुढची पंचवीस मिनिटं मी जी परळला बघितली होती तीच कृती, तशीच, हनुमान चालीसासकट. माइकवाला लाजून लाल झाला होता. प्रश्नोत्तरं व्याख्यानापेक्षा लांबली. आंघोळ करता येते का, प्रवासात काय करायचं, उपवास चालतो का, वास येतो का. हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी ‘माझ्या एका ओळखीच्यांसाठी’ असं तीनदा सांगितलं.

रुग्णाला मंचावर आणायचं का, हा विषय आधी निघाला होता. कंडक्टरसाहेब पत्नीला घेऊन यायला तयार होते. ताईंनी नको म्हटलं आणि आम्ही ऐकलं. दोघं आले, पण चौथ्या रांगेत बसले. कुणालाही सांगितलं नाही ते कोण. खुर्च्या आवरताना आमचा एक जुना सभासद, ज्याच्याबरोबर मी वर्षानुवर्षं गणपतीची वर्गणी गोळा केली, जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “ती चकतीभोवती लावायची पेस्ट म्हणाल्या ना, ती कुठे मिळते ते जरा विचारून ठेवशील?” मी कुणासाठी हे विचारलं नाही.

परवानगी एप्रिलच्या शेवटी आली: मानपत्र घेता येईल, रोख रक्कम नाही. संस्थेच्या खोलीत बारा माणसांसमोर ते दिलं. सिस्टरनी उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “वहीचं तुम्हाला कुणी सांगितलं?” 25 हजारांचं काय करायचं हा प्रश्न उरला. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, कलता करता येईल असा, चाकावरचा आरसा. रुग्णालयाला रीतसर देणगी म्हणून दोन आरसे दिले. त्यालाही परवानगी लागली, पण आता मी सराईत झालो होतो.

सर्जनना त्या वर्षी पुरस्कार मिळाला नाही याचं वाईट मात्र मला वाटतं. त्यांचं काम कमी नव्हतं. कंडक्टरांच्या पत्नीच्या पोटावरचा तो लाल गोल नीट, योग्य जागी काढणारा हातही कुणाचा तरी होताच. अध्यक्ष अजूनही ही आठवण करून देतात आणि मी वाद घालत नाही.

फॉर्म आम्ही बदलला. ‘यापूर्वी मिळालेले पुरस्कार’ हा रकाना काढला. त्याऐवजी तीन प्रश्न: या व्यक्तीने काय केलं ते साध्या वाक्यांत, ते खरं आहे का हे कुणाला विचारावं, आणि या कामात आणखी कोण होतं. पहिल्या वर्षी नऊ नामांकनं आली. त्यातली दोन एकाच हस्ताक्षरात, त्याच हस्ताक्षराच्या मालकासाठी. तोंडाच्या कर्करोगाच्या एका सर्जनचा फोन आला, तिसऱ्या प्रश्नाला जागा पुरत नाही म्हणून. म्हटलं, वेगळा कागद जोडा. त्यांनी चौदा नावं पाठवली: भूल देणारे, गिळायला शिकवणारी थेरपिस्ट, कृत्रिम जबडा करणारा दंतवैद्य, तंबाखू सोडवणारा समुपदेशक. नोबेलवालेही तीन माणसांच्या पुढे जात नाहीत. आमच्याकडे शाल एक. शेवटी त्यांच्या मानपत्रात चौदाच्या चौदा नावं घातली, अक्षर बारीक करून.

या वर्षी डॉक्टरबाईंनी स्वतः एक नाव दिलंय. पॅथॉलॉजीच्या लॅबमधला तंत्रज्ञ. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठीतून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढून, कोमट पाण्यावर सुरकुती न पडता तरंगवून, काचपट्टीवर उचलणारा. काप चुरगळला की वाचणाऱ्याचं निदानही चुरगळतं, म्हणाल्या. मागच्या मंगळवारी ताई आणि मी बघून आलो. पाण्यावर तरंगणारा तो काप दिसतच नाही, उजेडाकडे मान तिरकी केली तरच दिसतो. बैठक येत्या रविवारी आहे आणि अध्यक्षांच्या मनात अर्थातच दुसरं नाव आहे. कुणाचंही ठरो, परवानगीच्या अर्जाचा मसुदा मी या वेळी आधीच टाइप करून ठेवलाय, नावाची जागा कोरी ठेवून.